टाचण्या गळ्याशी आहेत, बोलू नका

४ मार्च

पाटी लागली एकदाची. ‘बायकांचे कपडे बेतून व दुरुस्त करून मिळतील. काय, कधी, कसं घालावं याचा सल्लाही मिळेल.’ दुसरं वाक्य वन्संचं. मी परोपरीने विनवलं, सल्ल्याचं नको, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण ऐकतील तर त्या माझ्या नणंदबाई कसल्या! मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून हयात गेली त्यांची. डॉक्टरसुद्धा त्यांना टरकून असतात, तिथे भावजयीचा काय पाड.

मी शिवणकामाला जायचे ते दुकान बंद पडलं, मालकांनी सगळ्या कारागिरांना घरी पाठवलं, तेव्हापासून मी हातावर हात ठेवून बसले होते. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मध्ये पडदा, आतल्या खोलीत आरसा, फिटिंगचा बिनडोक्याचा पुतळा आणि कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉकचं मशीन. त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि गल्लीत उघडणारं मागचं दार. एवढाच माझा कारखाना.

पाटी ठोकून झाली आणि मी आत येऊन कडी घातली. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, दुकान उघडलंस की बंद केलंस?”

हसले खरी, पण कडी काढायला हात धजेना. कोण येईल, काय विचारेल, आपल्याला नाही आलं तर? भीती ही माझी जन्माची सवत आहे. माझ्याआधी जेवते, माझ्यानंतर झोपते.

८ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. बँकेतली कॅशियर. शर्टाची दोन बटणं लावली की मधे फट पडते, काउंटरपलीकडचे लोक पैसे मोजायचे सोडून तिथे बघतात. बिचारी सेफ्टीपिन लावून लावून शर्टाला भोकं पाडून बसली होती. मी म्हटलं, शर्ट छातीच्या मापाने घ्या, कंबरेला सैल झाला तर मी आत घेते. उलटं केलंत तर फट पडणारच. आणि आतून, दोन बटणांच्या मधोमध एक टिचबटण लावून दिलं. बाहेरून काही दिसत नाही. पांढऱ्याखाली पांढरं घालू नका, अंगाच्या रंगाचं घाला, हेही सांगितलं. बाई आरशात हात वर करकरून बघत राहिली.

ती गेल्यावर लक्षात आलं, बोलताना माझा आवाज कापत नव्हता.

१४ मार्च

शाळेतल्या बाई आल्या होत्या. सगळं काळंच घालतात, का तर बारीक दिसतं. त्यांना सांगितलं, रंगाने बारीक दिसत नाही हो, खांद्याची शिवण हाडावर बसली की माणूस आपोआप नीट दिसतं. त्यांच्या शिवणी दंडापर्यंत घसरलेल्या. मोठ्या गोड बाई. मोठ्याने बोलतात, जणू मी शेवटच्या बाकावर बसले आहे.

दुपारी एक जोडपं आलं. हे गृहस्थ औषधांच्या दुकानाचे मालक, चौकात मोठं दुकान आहे म्हणे. बायको अगदी हळू बोलणारी, राखी रंगाच्या ड्रेसमध्ये. त्यांना उन्हाळ्यासाठी लांब बाह्यांचे कपडे हवेत. मी म्हटलं, उन्हाळ्यात लांब बाही? गृहस्थच म्हणाले, “आमच्या हिला ऊन सोसत नाही. कातडी नाजूक आहे.”

मी सुचवलं, मलमल घ्या, बाही सैल ठेवू, मनगटाला बटण, म्हणजे वारं खेळतं. गळा कसा हवा विचारलं तर तेच म्हणाले, बंद. रंगही त्यांनीच निवडले. बायको नुसती मान हलवत होती. दंडाचं माप घेताना त्यांनी हात झटकन मागे घेतला. “गुदगुल्या होतात,” म्हणाल्या. मला हसू आलं. एवढ्या मोठ्या बाईला गुदगुल्या!

त्यांनी आगाऊ पैसे दिले, जाताना तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. आमच्या ह्यांनी कधी माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं वन्संना म्हटलं. त्या वाटी विसळत होत्या. म्हणाल्या, “गुदगुल्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला होत नाहीत, वहिनी.”

नर्सबाईंना सगळीकडे आजारच दिसतो.

२१ मार्च

बाहीवाल्या बाई आज एकट्या आत आल्या. त्यांचे यजमान बाहेर गाडीत फोनवर बोलत होते. आज त्यांनी एवढे प्रश्न विचारले की मी चकितच झाले. आणि प्रश्न तरी किती मुद्द्याचे!

कुठलं कापड चालताना वाजत नाही? मी म्हटलं, कडक खळीचं वाजतं, नायलॉन वाजतं, अस्तर चकचकीत असलं की सळसळतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कधी वाजत नाही. जिना भराभर उतरायचा तर काय घालावं? म्हटलं, घोट्याच्या वर संपणारी पँट, वर गुडघ्यापर्यंतचा सैल ड्रेस, पायात रबरी तळाचे बूट. एकावर एक दोन जोड घातले तर कळतं का? म्हटलं, आतला पातळ आणि अंगाबरोबर, बाहेरचा जाड आणि सैल, मग कुणाला कळायचं नाही.

“कुठे थंड गावाला निघालात का?” मी विचारलं.

त्यांनी खिडकीकडे बघितलं. “अजून ठरलं नाही,” म्हणाल्या.

शेवटी चोरखिसा हवा म्हणाल्या. आत, कंबरेशी, सपाट, कागद घामाने भिजणार नाहीत असा. मी मेणकापडाचं अस्तर लावून असा बेतला की माझा मलाच सापडेना. जेवताना फुशारकीने वन्संना सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला. कोण ही? कुठे राहते? पुन्हा कधी येणार? एकटी की तो बरोबर असतो? आजवर वन्संनी कपड्यांत कधी एवढा रस दाखवला नव्हता. चौकशांनी माझं डोकं उठवलं.

२८ मार्च

तयार कपडे न्यायला यजमान एकटेच आले. प्रत्येक कपडा उलटसुलट करून बघितला. शिवणीची तारीफ केली. मी सुखावले, आणि सुखावलं की माझं तोंड सुटतं. म्हटलं, “आतल्या बाजूला चोरखिसासुद्धा दिलाय हो, हात घातल्याशिवाय कळायचा नाही.”

ते हसले. “कशाला लागतो हिला चोरखिसा?”

“अहो, बायकांच्या कपड्याला कधी खिसा असतो का? पुरुषांना काय कळणार ते!”

ते आणखी हसले. पिशवी उचलली, आणि दारातून वळून म्हणाले, “आणखी काय काय विचारते ती तुम्हाला?”

का कोण जाणे, मी म्हटलं, “काही नाही हो, हेच, रंगबिंग.” खोटं का बोलले ते माझं मला कळलं नाही. एवढा हसतमुख माणूस. पण मला वाटलं, हसताना त्याचे डोळे माझ्या कात्रीवर होते.

१ एप्रिल

वन्सं ड्युटीवरून आल्या, चप्पल न काढता स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

“तो चोरखिसा कुणाला दाखवलास, वहिनी?”

“कुणाला नाही. म्हणजे… यजमानांना सांगितलं. कपडे न्यायला आले होते तेव्हा.”

वन्संनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, “आज इस्पितळात आली होती ती. मनगट मोडलंय. जिन्यावरून पडली असं सांगितलं. तो बाहेर बाकावर बसला होता, हिच्यासाठी नारळपाणी घेऊन.”

गुदगुल्या, लांब बाह्या, न वाजणारं कापड, जिना भराभर उतरायची पँट. सगळं माझ्या समोर मांडलेलं होतं, दोन वेळा दोन हातांनी मोजलेलं होतं, आणि मी काय सांगत होते, तर मलमल घ्या, वारं खेळतं!

“मी मारलं तिला,” असं मी म्हटलं. वन्सं एकदम ओरडल्या, “ज्याने मारलं त्याने मारलं! तू बावळटपणा केलास, तेवढाच तुझा वाटा. त्याहून जास्त घेऊ नकोस.”



४ एप्रिल

फोन वाजतो, उचलला की कुणी बोलत नाही. समोरच्या झाडाखाली गाडी उभी असते. तीच का ते कळत नाही, सगळ्या पांढऱ्या गाड्या मला आता सारख्या दिसतात. कॅशियरबाई पँट न्यायला आल्या तर दाराच्या आवाजाने माझ्या हातातली टाचणी नखात गेली. मागच्या दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

वन्संना म्हटलं, पाटी काढूया. त्या म्हणाल्या, “काढ. पण मग ती पुन्हा येणार कुठे?”

मला ती पुन्हा यायला नको आहे. हे असं कागदावर लिहायलाही लाज वाटते, पण तसंच आहे.

१६ एप्रिल

आली. म्हणजे आले, दोघं. यजमानांचा त्यांच्या व्यापारी संघटनेत सत्कार आहे, त्यासाठी बायकोला भारी ड्रेस हवा. “जरा उठून दिसला पाहिजे,” ते म्हणाले, “पण बाही लांब.” मनगटावर प्लास्टर होतं ना.

एकच माप मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा लिहिला. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं बघितलं आणि म्हणाली, “ट्रायल कधी घ्याल? नर्सबाई म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत प्लास्टर निघेल.”

“हो हो, शुक्रवारी,” मी म्हटलं. ती गेल्यावर वन्संना विचारलं, तुम्ही तिच्याशी बोललात का? म्हणाल्या, “प्लास्टरचं बघायला येते ती. बोलू नको की काय?”

ड्रेस गडद निळा आहे. मी रोज थोडा शिवते आणि उसवते. टाका सरळ येत नाही.

२३ एप्रिल

उद्या ट्रायल. वन्संना उद्या सुट्टी, तरी युनिफॉर्म धुऊन, कडक इस्त्री करून आतल्या खोलीत टांगून ठेवलाय. वर निळा कोट, खिशात मास्क. म्हटलं, वन्सं, सुट्टीच्या दिवशी हे कशाला? तर म्हणाल्या, “राहू दे तिथेच. हात लावू नकोस.” मागच्या दाराच्या कड्यांना तेल घातलंय, तेही त्यांनीच. वय झालं की माणसाला नसती कामं सुचतात.

२४ एप्रिल

लिहायला बसले आहे, पण अक्षर माझं वाटत नाही. तरी सगळं लिहून ठेवते. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी तसं सांगितलंय, आठवतंय तोवर लिहा म्हणून.

दुपारी ते दोघं आले. वन्सं सकाळीच स्कूटर घेऊन बाहेर पडल्या होत्या, बाजारात जाते म्हणून. यजमान पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले, पडद्यासमोरच. मी तिला आत नेलं, पडदा ओढला. तिने ड्रेस काढला. तिची पाठ मी बघितली. पाठीबद्दल इथे लिहवत नाही.

मी निळा ड्रेस उचलला तर तिने माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणलं. “सिस्टर मागच्या गल्लीत उभ्या आहेत. तुम्ही फक्त बोलत राहा.”

“कोण सिस्टर?” मी विचारलं. खरंच विचारलं! तोवर ती वन्संचा युनिफॉर्म अंगात चढवत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडाबरोबर भीतीही आली. मला वाटलं, नको म्हणावं. हात जोडावेत तिच्यापुढे, आज नको, माझ्या घरातून नको. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे: “हात जरा वर करा बघू. हां. बगलेत ओढतंय का?”

ती बूट हातात घेऊन स्वयंपाकघराकडे गेली. कडीला तेल होतं, पण दार जमिनीला घासतं, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. मी ओव्हरलॉक चालू केलं. मशीन घरघरलं, त्यात दार उघडलं, बंद झालं. मी हातात सापडली ती चिंधी त्यात घालत राहिले. मग मशीन बंद केलं. घर एकदम एवढं शांत झालं की माझ्याच श्वासाचा आवाज मोठा वाटला.

“झालं का गं?” पुढच्या खोलीतून आवाज आला. तो आवाज मला नव्हता, तिला होता. उत्तर तिचंच हवं होतं.

“टाचण्या गळ्याशी आहेत,” मी म्हटलं. “बोलू नका हं तुम्ही, हललात तर टोचतील. साहेब, त्यांना बोलता येणार नाही, गळ्याचंच काम चाललंय.”

ते हसले. “बरं झालं. तेवढीच शांतता.”

मग मी निळा ड्रेस पुतळ्याला घातला. हातांना काहीतरी काम हवं होतं, नाहीतर ते तोंडावर गेले असते. गळ्याभोवती टाचण्या लावत गेले आणि पुतळ्याशी बोलत गेले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. खांद्याची शिवण हाडावर बसायला हवी. कपडा नुसता उभं राहून बघायचा नाही, बसून बघायचा, वाकून बघायचा, चार पावलं चालून बघायचा. नवे बूट घालून पहिल्या दिवशी लांब जायचं नाही, आधी घरात वापरायचे. ज्या कपड्यात हात वर होत नाही, तो कितीही देखणा असला तरी आपला नाही. ताठ उभ्या राहा. पोट आत ओढू नका, श्वास घ्या. श्वास घ्या बघू. असं मी पुतळ्याला सांगत होते आणि मला स्वतःला श्वास घेता येत नव्हता.

गल्लीतून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी आणखी मोठ्याने बोलायला लागले, शाळेतल्या बाईंसारखी. जितकी लांब जातील तितकं बरं, एवढंच डोक्यात. रंगांबद्दल बोलले, धुण्याबद्दल बोलले, गडद निळा उलटा करून सावलीत वाळवायचा म्हणून बोलले. माझे सल्ले संपत आले. एवढी वर्षं शिवतेय, पण माणसाजवळ सल्ले तरी किती असणार!

“पुरे आता,” ते म्हणाले आणि पडदा ओढला.

समोर बिनडोक्याचा पुतळा, गळ्याभोवती टाचण्यांची माळ, आणि मी.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. ते स्वयंपाकघरात जाऊन आले. मग माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या टेपची दोन्ही टोकं त्यांनी हातात घेतली, अगदी सावकाश, जशी मी माप घ्यायला घेते, आणि आवळली.

“कुठे?”

मला खरंच माहीत नव्हतं. वन्संनी सांगितलं नव्हतं. पण माहीत असतं तर सांगितलं असतं का? मी हा प्रश्न दुपारपासून स्वतःला विचारतेय. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते आणि मी मनात म्हणत होते, टेप चांगली आहे, लगेच तुटणार नाही.

“अहो, माझा स्कर्ट झाला का?” दारातून शाळेतल्या बाईंचा आवाज गडगडला. त्या तशाच आत आल्या, पडद्यापर्यंत. त्यांनी माझा गळा बघितला, त्याचे हात बघितले. “सोडा त्यांना!” असं म्हणाल्या, वर्गात म्हणतात तसं. आणि त्याने सोडलं. टेप सरळ करून माझ्या खांद्यावर ठेवली, शर्ट नीट केला, “गैरसमज झाला,” म्हणाला आणि गेला.

मी खाली बसले ती उठलेच नाही. शाळेतल्या बाईंनीच दार लावलं, पोलिसांना फोन केला. वन्सं संध्याकाळी परतल्या. मी त्यांना पहिल्यांदाच वरच्या आवाजात बोलले. “मला आधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू दार उघडलं असतंस?”

नसतं उघडलं. खरं आहे ते.

“ती पोचली,” वन्सं म्हणाल्या. “कुठे ते विचारू नकोस.”

नाही विचारलं.

९ मे

गळ्यावरचा वळ गेला. पण गळ्याशी काही आलं की दचकते. टेप आता कंबरेला बांधते. गिऱ्हाइकांना वाटतं, नवी पद्धत आहे.

पोलिसांत तक्रार नोंदवली, तरी त्याचं दुकान चालूच आहे. चौकातून जावं लागू नये म्हणून मी भाजीला लांबच्या रस्त्याने जाते. लोक म्हणतात, एवढा सभ्य माणूस, बायको पळाली, बिचारा. परवा एक गिऱ्हाईक माझ्याच खोलीत, माझ्याच आरशासमोर असं म्हणाली. मी तिच्या स्कर्टची दुमड घालत राहिले.

शाळेतल्या बाई रोज संध्याकाळी येऊन बसतात. वह्या तपासतात. स्कर्ट केव्हाच नेलाय त्यांनी.

२२ जुलै

कोर्टाचं बोलावणं आलं. तिने संरक्षणासाठी अर्ज केलाय आणि मी साक्षीदार. कागद हातात घेतला तेव्हा वाटलं, ताप भरावा, पाय मोडावा, काहीतरी व्हावं. वन्संना म्हटलं, मला नाही जमणार, त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे माझी दातखीळ बसेल. मला वाटलं, वन्सं दोन शब्द सुनावतील. पण त्या म्हणाल्या, “नाही जमलं तर नाही जमलं. तिला सांगते तसं.” आणि पाठ फिरवून भांडी लावत बसल्या. त्यापेक्षा सुनावलं असतं तर बरं होतं.

५ ऑगस्ट

उद्या जायचंय. जगाला काय घाल नि काय नको सांगणारी मी, कपाट उघडून बसले आहे. काळा नको, कुणी मेल्यासारखा दिसतो. फुलाफुलांचा नको, वकील म्हणेल बाई मजेत आहे. बंद गळ्याचा तर नकोच, गुदमरायला होतं. प्रत्येक कपडा अंगाला लावून बघते आणि आरशात मला तोच मागे उभा दिसतो. शेवटी वन्संनी साधा हिरवा सुती कुर्ता खुर्चीवर टाकला. “हा घाल. तू शिवलेला आहेस, तुला फसवणार नाही.”

६ ऑगस्ट

जाऊन आले.

सकाळी मी अंधारातच आंघोळ उरकली, कुर्ता घातला, वरून ओढणी घेतली. आरशात बघायचं धाडस झालं नाही. तिथे बाकावर बसलो. तो समोरून आला, पांढराशुभ्र शर्ट, भांग पाडलेला. माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. वन्संनी माझा हात धरून ठेवला, एवढा घट्ट की अजून बोटं दुखतायत.

ती आत वकिलांपाशी होती. केस कापलेत तिने. मी नीट बघितलंच नाही, नजर खाली ठेवून उभी राहिले.

आत उकडत होतं. ओढणी गळ्याशी टोचायला लागली म्हणून काढून वन्संकडे दिली. मग त्याचे वकील उठले. मोठे हुशार. म्हणाले, “म्हणजे तुम्ही रिकाम्या खोलीत एकट्याच बडबडत होतात?”

“हो.”

“समोर कुणी नसताना, समोर बाई आहे असं भासवत होतात.”

“हो.”

“म्हणजे माझ्या अशिलाशी तुम्ही खोटं बोलत होतात.”

मला वाटलं, झालं, आता बुडाले. मला तो दिसत होता, हाताची घडी घालून. मग जे खरं होतं तेच बोलले. “नाही साहेब. सल्ले खरे होते.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर टेपचं विचारलं. मी सांगितलं. कसं धरलं, कुठे आवळलं, काय विचारलं. सांगताना आवाज फाटला, मधे थांबावं लागलं, पाणी मागितलं, पण सांगितलं. तो माझ्याकडे बघत होता. मी न्यायाधीश बाईंच्या कॉलरकडे बघत राहिले. कॉलरला इस्त्री चांगली होती.

माझं झाल्यावर शाळेतल्या बाईंची साक्ष झाली. त्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल.

निकाल व्हायचाय अजून, पण तोवर त्याने तिच्या किंवा आमच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकले. ती आली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात सपाट बूट. मला तिची माफी मागायची होती, त्या खिशाबद्दल. महिनोन्महिने वाक्य घोकलं होतं. तोंड उघडलं तर तिने हात पुढे केला आणि माझ्या मानेमागे काहीतरी चाचपलं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “कुर्ता उलटा घातलाय तुम्ही.”

मी खाली बघितलं. खांद्याच्या, बाह्यांच्या, कडेच्या, सगळ्या शिवणी बाहेर. मानेवर माझ्या मापाची चिठ्ठी. तशीच मी उभी राहिले होते, सगळ्या कोर्टासमोर, शपथ घेऊन. वन्सं म्हणाल्या, “मी बघितलं गं, पण सांगितलं असतं तर तू तिथूनच परत फिरली असतीस.”

आणि मग तिला हसू फुटलं. तिचं हसू मी आजवर ऐकलंच नव्हतं. घोगरं आहे, मधेच अडकतं, लहान पोरासारखं. तिच्या पाठोपाठ मला फुटलं, मग वन्संना. शाळेतल्या बाई तर भिंतीला धरून हसत होत्या. तो आमच्या समोरून, पोलिसाच्या बाजूने, जिन्याकडे गेला. भीती काही जागची हलली नाही. पण हसूही थांबलं नाही.

घरी आल्यावर कुर्ता काढून खिडकीच्या उजेडात धरला. आतली बाजू सगळ्यांनी बघितली. निदान शिवण तरी स्वच्छ होती.